जुन्या जीपगाडीतील तेलाचा दाब

गाडीच्या दर्शनी फळीवर जी लहान-लहान घड्याळे बसविलेली असतात, त्यांत तेलाच्या दाबाचे घड्याळ सर्वांत दुर्लक्षित राहते. पेट्रोल संपले तर गाडी उभी राहते, म्हणून पेट्रोलचा काटा सर्वजण पाहतात. पाणी उकळले तर वाफ दिसते, म्हणून उष्णतेच्या काट्याकडेही लक्ष जाते. तेलाचा दाब उतरला तर मात्र गाडी लगेच थांबत नाही, वाफ दिसत नाही, वासही येत नाही. इंजिन पूर्वीसारखेच चालत आहे असे वाटते आणि थोड्याच वेळात आतील बेअरिंगे जळून जातात. इंजिनाच्या सर्व दुखण्यांत हे दुखणे सर्वांत मुके आणि सर्वांत महाग होय.

खानदेशात जुन्या जीपगाड्यांची संख्या अद्यापि बरीच आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजनेस प्रारंभ झाला, तेव्हापासून विकास गटाची जीप ही त्या वेळच्या पूर्व व पश्चिम खानदेश जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील, खेड्यापाड्यांच्या ओळखीची झाली. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाल्याने सरकारी कार्यालयांतील जुन्या जीपा रस्त्यावरून गेल्या. खाजगी मालकीच्या गाड्या मात्र तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण करून घेत चालू आहेत. रावेर, यावल व चोपडा भागांतील केळीच्या मळ्यांत, तसेच शिरपूर व साक्रीकडील शेतांवर खताची पोती, ठिबकाच्या नळ्या, फवारणीचे पंप नेण्यास अशी गाडी अजूनही उपयोगी पडते. जुनी अँबेसेडर किंवा पद्मिनी बाळगणाऱ्यांसही पुढील विवेचन बहुतांशी लागू पडेल. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनीही ते वाचावे, कारण पंपाने वंगण पुरविणाऱ्या सर्वच इंजिनांचे तत्त्व एक आहे.

बैलगाडीच्या आसाला वंगण न घालता गाडी हाकली तर ती कुरकुरते, हे लहान मूलही जाणते. गाडीखाली टांगलेल्या नळीतील वंगण आसाला लावले की काम भागते, कारण चाक मंद फिरते. मोटारीच्या इंजिनातील क्रँक मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो, आणि प्रत्येक स्फोटाचा घाव त्याच्यावर बसतो. येथे क्रँक आणि बेअरिंग ही दोन धातूंची अंगे एकमेकांस टेकताच कामा नयेत. त्यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो व क्रँक त्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. ही फट सामान्यतः १ ते २.५ थौ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या एक ते अडीच पट असते. माणसाच्या डोक्याचा केसही साधारण एवढाच जाड असतो. पापुद्रा निर्माण होतो तो क्रँकच्या फिरण्याने. पंपाचे काम त्या फटीत तेल अखंड पोचते ठेवणे एवढेच आहे.

पंप दाब निर्माण करतो अशी समजूत सर्वत्र आढळते. ती पूर्णतः खरी नाही. पंप तेल पुढे ढकलतो. त्या तेलाला अरुंद फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्यामुळे दाब उत्पन्न होतो. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. ठिबकाच्या संचावर १ किलो दाब दिसत असता एखादी उपनळी फुटली की काटा खाली येतो. पंप तितकेच पाणी देत असतो, पण पाण्याला मोकळी वाट मिळालेली असते. उलटपक्षी गाळणी तुंबली तर गाळणीच्या पुढे दाब उतरतो, कारण पाणीच पुढे येत नाही. विहिरीचे पाणी तळाशी गेले व फूटव्हॉल्व्ह उघडा पडला तर पंप हवा ओढू लागतो आणि काटा थरथरतो. इंजिनात हेच तीन प्रकार घडतात. चेंबरमध्ये तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो; जाळी किंवा पंप यांत दोष असेल तर तेल पुढे जात नाही; बेअरिंगे झिजून फटी रुंद झाल्या असतील तर तेल गेले तरी दाब राहत नाही. चौथा प्रकार तेलाचा स्वतःचा आहे. ते फार पातळ झाले तर निर्दोष इंजिनातही फटींतून झरझर निघून जाते.

कोणते अंग सर्वांत आधी उपाशी राहते, हेही समजून घ्यावे. पांझरा नदीवरील फडबागायतीत पाटाला वर कोठे भगदाड पडले तर शेवटच्या फडातील शेतकऱ्याचे पीक आधी सुकते. इंजिनात पंपाकडून येणारे तेल मुख्य वाहिनीतून प्रथम क्रँकच्या मुख्य बेअरिंगांना, तेथून क्रँकच्या आतील छिद्रांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना, आणि शेवटी वरच्या रॉकरांना मिळते. म्हणून दाब उतरू लागला की बहुधा वरून रॉकरांचा टकटक आवाज प्रथम ऐकू येतो. या आवाजाला जो ‘टॅपेट सैल झाले असतील’ म्हणून सोडून देतो, त्याला पुढचा आवाज खालून ऐकावा लागतो.

दाब किती असावा? चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल जीपसाठी मंद गतीत किमान ६ पौंड आणि ताशी ३५ मैल वेगाला किमान २० पौंड हे सुरक्षिततेचे प्रमाण दिलेले असते. सुस्थितीतील इंजिन त्या वेगाला ३५ पौंडांच्या आसपास दाखविते. चौरस इंचास १४.२ पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो होय. तेव्हा ३५ पौंड म्हणजे जवळजवळ अडीच किलो. इतर गाड्यांसाठी त्यांची पुस्तिका पाहावी. पुस्तिका मिळत नसेल तर दर हजार फेऱ्यांस सुमारे १० पौंड हा कारागिरांचा आडाखा उपयोगी पडतो. तो आडाखाच आहे, नियम नव्हे. ज्या गाड्यांत घड्याळाऐवजी तांबडा दिवा असतो त्यांच्या मालकांनी अधिक सावध राहिले पाहिजे. तो दिवा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो, अर्थात तो इशारा नव्हे, निकाल असतो.

खानदेशच्या हवामानाचा विचार येथे वेगळा करावा लागतो. मे महिन्यात जळगाव व भुसावळ येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत इंजिनातील तेल १०० अंशांच्या पलीकडे तापणे अस्वाभाविक नाही. ४० क्रमांकाचे तेल ४० अंश उष्णतेला जेवढे दाट असते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकेच दाट ते १०० अंशांना उरते. म्हणून सकाळी गाडी सुरू करताना ४० पौंड दाखविणारा काटा दुपारी फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीत ८ वर आला, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. त्याच जागी तो २ वर आला तर मात्र कारण आहे. तेलाच्या डब्यावरील २०डब्ल्यू-४० या खुणेचा अर्थ असा की, ते तेल थंडीत २० क्रमांकाच्या हिवाळी तेलासारखे वाहते आणि तापल्यावर ४० क्रमांकाच्या तेलाइतके दाट राहते. २०डब्ल्यू-५० हे तापल्यावर त्याहून दाट. पुष्कळ धावलेल्या जुन्या इंजिनात उन्हाळ्यापुरते हे दुसरे तेल वापरल्यास दाबात थोडी सुधारणा दिसते आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्याने झिजलेले बेअरिंग भरून निघत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आता एक प्रसंग कल्पावा. यावल तालुक्यातील एक शेतकरी मे महिन्यात जीपला जोडलेल्या लहान ट्रेलरमधून केळीचे घड सावद्याच्या रेल्वेस्थानकाकडे नेत आहे. निम्मी वाट उरली असता तेलाचा काटा तळाला जातो. इंजिन तर चालत आहे. घड कापलेले आहेत, आणि ऊन वाढत आहे. घड्याळच बिघडले असावे असे वाटणे साहजिक आहे. कित्येकदा ते खरेही असते. अशा वेळी बरोबर असलेल्या ग्रामसेवकाने सांगावे ते एवढेच : “नाना, आधी इंजिन बंद करा. काटा खोटा निघाला तर दहा मिनिटे जातील. खरा निघाला तर क्रँक जाईल.” गाडी उतारावर असली तरी इंजिन चालू ठेवून ‘एवढे तीन मैल’ काढण्याचा मोह आवरला पाहिजे.

दहा मिनिटे थांबून, तेल चेंबरमध्ये उतरू देऊन, मापाची पट्टी काढून पुसावी आणि पुन्हा घालून पाहावी. बहुतेकांचा प्रश्न येथेच सुटतो, कारण तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले असते. पण कल्पिलेल्या प्रसंगात तेल वरच्या खुणेपेक्षाही वर आहे असे समजा. अननुभवी मनुष्य येथे निश्चिंत होतो : तेल भरपूर आहे, मग दाब नाही कसा? हाच प्रश्न त्याने स्वतःला विचारावयास हवा. कोणी न घालता तेल वाढले कोठून? पट्टीवरील तेल दोन बोटांत चोळून पाहिले तर ते पाण्यासारखे पातळ लागते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. इंजिनाच्या अंगावर बसविलेल्या पेट्रोल पंपातील पडदा फाटला की पेट्रोल कार्बोरेटरकडे जाण्याबरोबरच खाली चेंबरमध्येही झिरपते. डिझेल इंजिनातही फीड पंपाच्या दोषाने असेच घडते. अशा वेळी चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, यास्तव जवळ कोणी विडी ओढू नये आणि इंजिन पुन्हा सुरू करून ‘पाहू’ नये.

घड शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून पुढे पाठवावेत आणि जीप ओढून आणावी. नवा पडदा, नवे तेल व नवा फिल्टर एवढ्यावर दुरुस्ती आटोपते. त्यानंतर इंजिन पूर्ण तापवून पाहिले असता मंद गतीत ८ आणि वेगात २५ पौंड मिळाले, तर गाडी वापरण्यास हरकत नाही. परंतु ३५ पौंड मिळत नाहीत याचा अर्थ काही झीज आधीच झालेली आहे. अशी गाडी पावसाळ्यात, कामाची घाई नसताना, चेंबर उतरवून पाहावी असे शेतकऱ्याने वहीत टिपून ठेवावे.

तेलाची पातळी बरोबर आहे, वास नाही, रंग दुधाळ नाही, असे असूनही काटा खाली असेल तर घड्याळाची परीक्षा करावी. तेल दुधाळ दिसणे म्हणजे त्यात पाणी मिसळणे होय. तेथे हेड गॅसकेट पाहावे लागते आणि दाबाचा विचार त्यानंतरचा. काही जीपांत घड्याळापर्यंत तांब्याची बारीक नळी जाते. ती चेपली किंवा तिच्या तोंडाशी मळी बसली तर काटा खोटा बोलतो. इतर गाड्यांत इंजिनावर विजेचे संवेदक बटण असते व त्याची तार सैल होते. ते बटण काढून त्या जागी कारागिराकडील साधे यांत्रिक घड्याळ बसवावे आणि त्यावर जे दिसेल ते खरे मानावे. बटण फार महाग नसते. ते न बदलता क्रँक उघडावयास लावणारा कारागीर आणि घड्याळ खोटे म्हणून गाडी दामटणारा मालक, दोघेही सारखेच चुकतात.

खऱ्या घड्याळावर थंड व गरम, मंद व जलद अशी चारही मापे घेऊन लिहून ठेवली की दोषाचे ठिकाण बरेचसे उघड होते. थंड असताना दाब उत्तम, वेगातही ठीक, फक्त गरम झाल्यावर मंद गतीत पडतो, अशी तऱ्हा असेल तर बेअरिंगांची झीज किंवा पातळ तेल हे कारण बहुधा निघते. थंड व गरम दोन्ही वेळी, मंद व जलद दोन्ही गतींत दाब कमी असेल तर पंप, जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह यांच्याकडे पाहावे. गाडी वेगाने काही मैल धावल्यावर दाब हळूहळू उतरतो आणि थांबून पुन्हा निघाल्यावर पूर्ववत होतो, हे तुंबलेल्या जाळीचे लक्षण होय. उभ्या गाडीत मळी जाळीवरून गळून पडते. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या इंजिनात एकदम आधुनिक, मळी धुऊन काढणारे तेल घातले असता सुटलेली मळी कधी कधी नेमकी जाळीवरच जाऊन बसते. चढावर किंवा वळणावरच काटा पडत असेल तर तेलाची पातळी कमी आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेल्यास जादा तेल परत सोडणारी स्प्रिंगची झडप. तीत बारीक कचरा अडकला तर ती उघडीच राहते आणि काटा एकाएकी खाली येतो. जीपमध्ये ती पंपालाच असते. बोल्ट काढून स्प्रिंग व झडप स्वच्छ धुऊन, बैठक पाहून पुन्हा बसविणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. या झडपेविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. दाब कमी दिसला की स्प्रिंगमागे जादा चकत्या घालून ती आवळण्यात येते. पण झडप उघडते ती अधिक दाबाला. मंद गतीत दाब मुळातच कमी असेल तर ती बंदच असते, आणि बंद दार अधिक जोराने दाबून धरल्याने घरातून होणारी गळती थांबत नाही. वेगात काटा थोडा वर दिसतो व मालकाचे समाधान होते. झिजलेले बेअरिंग मात्र होते तेथेच असते.

जीपचा तेलपंप इंजिनाच्या डाव्या अंगास बाहेरून बसविलेला असतो, त्यामुळे तो चेंबर न उतरवता काढता येतो. ही मोठी सोय आहे. परंतु डिस्ट्रिब्यूटरला फिरविणारी खाच याच पंपाच्या दांड्याला जुळलेली असते. खूण न करता पंप काढला आणि तो एका दाताने सरकून बसला तर ठिणगीची वेळ चुकते, आणि तेलाच्या दाबासाठी आणलेली गाडी सुरूच होईनाशी होते. पंपाच्या दातचक्रांची व झाकणाची झीज पाहावी. झाकणावर चक्रांचे गोल चर पडले असतील तर जाड काचेवर व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट पसरून ते सपाट घासून घेता येते. झाकणाखालील कागदी गॅसकेट मूळ जाडीचेच असावे. जाड पुठ्ठ्याचे गॅसकेट कापून बसविल्यास चक्र व झाकण यांतील अंतर वाढते आणि नवा पंपही जुन्यासारखा वागतो. बसविण्यापूर्वी पंपात तेल भरावे, नाहीतर कोरडा पंप तेल उचलण्यास वेळ लावतो व तेवढा वेळ क्रँक कोरडा फिरतो.

हे सर्व करूनही दाब येत नसेल तर चेंबर उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगाचा ठोका हलका व कणखर असतो, पाय पेट्रोलवरून काढताना तो विशेष ऐकू येतो. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरचा प्लग तात्पुरता निकामी केला असता तो कमी होतो. मुख्य बेअरिंगाचा आवाज दबका असतो व चढावर, ओझ्याखाली वाढतो. क्रँकची मापे मायक्रोमीटरने दोन दिशांनी घ्यावीत. तो एक-दोन थौहून अधिक अंडाकार झाला असेल तर नुसती नवी बेअरिंगे घालणे व्यर्थ होय. तो ग्राइंडिंगसाठी द्यावा आणि १०, २० किंवा ३० थौ, जेवढे घासले असेल त्या मापाची बेअरिंगे घ्यावीत. ग्राइंडिंगनंतर क्रँकच्या आतील तेलाची छिद्रे तारेने व पेट्रोलने धुतली आहेत की नाहीत हे मालकाने स्वतः डोळ्यांनी पाहावे. घासण्याची भुकटी आत राहिली तर नवी बेअरिंगे फार दिवस टिकत नाहीत. बेअरिंगाच्या पाठीमागे कागद किंवा पत्रा घालून, अथवा टोपी कानशीने घासून फट कमी करण्याची पद्धत काही ठिकाणी अद्यापि आढळते. त्यामुळे भोक गोल राहत नाही. अशा दुरुस्तीचे पैसे देऊ नयेत.

एक प्रश्न खानदेशात विचारला जाणे स्वाभाविक आहे, कारण हा तेलघाण्यांचा मुलूख आहे. अडचणीच्या वेळी शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल इंजिनात घालावे काय? १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, आणि आरंभीच्या विमानांच्या इंजिनांना एरंडेलाचे वंगण असे. परंतु ही तेले तापून हवेशी संयोग पावली की चिकट व डिंकासारखी होतात. तोच डिंक जाळीवर व अरुंद वाहिन्यांत बसतो. तेव्हा हा प्रयोग करू नये.

झीज लवकर होण्याचे येथील मुख्य कारण धूळ आहे. कापणीच्या दिवसांत शेतरस्त्यावरील धूळ हवेच्या गाळणीतून आत गेली की ती तेलात मिसळून बेअरिंगांना घासते. जुन्या जीपची हवेची गाळणी तेलाच्या वाटीची असते. त्या वाटीतील तेल धुळीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पाहावे आणि चिखल झाला असल्यास बदलावे. गाळणी व कार्बोरेटर यांमधील रबरी नळीला चीर गेली असेल तर गाळणी असून नसल्यासारखीच. इंजिनातील तेल पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराला बदलावे. धुळीत व ओझ्याखाली चालणाऱ्या गाडीचे त्याहून आधी. तेल काढताना इंजिन गरम असावे, म्हणजे मळी तेलाबरोबर निघून येते. चेंबर धुण्यासाठी डिझेल घालून इंजिन चालविण्याची प्रथा सोडून द्यावी. ते दोन मिनिटे बेअरिंगे पातळ डिझेलवर फिरत असतात.

काढलेले काळे तेल विहिरीजवळ, बांधावर किंवा नाल्यात ओतू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले वंगणतेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून, तालुक्याच्या गावी ज्या गॅरेजमधून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे तेल जाते तेथे द्यावे. डब्यावर गाडीचा क्रमांक, तेल काढल्याची तारीख व त्या दिवशीचे किलोमीटर लिहिल्यास पुढील बदल केव्हा करावयाचा याची नोंदही आपोआप राहते.